चाचणी मुलाच्या भाषेत, अहवाल मात्र इंग्रजीत : लातूरच्या एका मूल्यमापन केंद्राचा आठ महिन्यांचा अनुभव

लातूर शहरातील एका बालविकास व अध्ययन-मूल्यमापन केंद्राची सेवा आम्ही गेले आठ महिने घेत आहोत. मी स्वतः उदगीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा चौथीत शिकतो. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या परीक्षणात गुणांबरोबर दोषही आहेत आणि ते सांगण्यामागे कोणाची नाचक्की करण्याचा हेतू नाही. आपल्या मुलाला अशा ठिकाणी न्यावे का, नेल्यावर काय पाहावे आणि काय विचारावे, या विचारात जे पालक आणि शिक्षक असतील, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. मुलगा पहिली आणि दुसरी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होता. दुसरीच्या अखेरीस शाळेने सांगितले की हा फार मागे आहे, एकदा कोणाला तरी दाखवून घ्या. आम्ही त्याला एका मोठ्या शहरातील दवाखान्यात नेले. तेथे शाळेचे माध्यम विचारले गेले आणि ते इंग्रजी असल्यामुळे सगळ्या चाचण्या इंग्रजीतून घेतल्या गेल्या. आमच्या घरात ‘काय करूलालास’ आणि ‘कुठं जाऊलालास’ अशी उदगीरकडची मराठी चालते. इंग्रजी त्याच्या कानावर फक्त वर्गात पडत होती आणि तीही पाठांतरापुरती. तासाभरात हाती कागद आला, त्यावर बुद्ध्यांक 74 आणि पुढे ‘सीमारेषेवरील बुद्धिमत्ता’ असे लिहिलेले होते. तो कागद वाचून माझे पती दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाहीत. हाच मुलगा एसटीत वाहकाने सुटे पैसे मोजायच्या आत किती परत यायचे ते सांगत असे, त्यामुळे तो आकडा मला आई म्हणूनही पटत नव्हता आणि शिक्षिका म्हणूनही.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का ठरतो, हे पालकांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत सातत्याने येणारी अडचण. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले गेले आणि त्यांत ही अक्षमता प्रथमच समाविष्ट झाली. 1995 च्या जुन्या कायद्यातील सात प्रकारांत ती नव्हती. केंद्र शासनाच्या जानेवारी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार (2024 मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या) मुलाचा बुद्ध्यांक 85 पेक्षा अधिक आला, तरच पुढे अध्ययन अक्षमतेच्या खास चाचण्या घेतल्या जात. म्हणजे परक्या भाषेत घेतलेल्या चाचणीत 74 आले की मुलाच्या वाचनाची तपासणी होण्याचे दारच बंद होत असे. तो ‘मंद’ या खात्यात जमा होई आणि त्याच्या खऱ्या अडचणीकडे पुढे कोणी वळून पाहत नसे.

आम्ही तिसरीला त्याला मराठी शाळेत घातले. त्याची भीती गेली, तो वर्गात बोलू लागला, गणितात पुढे आला. वाचन मात्र जिथल्या तिथे राहिले. म्हणून या केंद्रात गेलो.

पहिल्या भेटीत चाचणी झालीच नाही आणि तेव्हा मला त्याचा थोडा रागही आला, कारण उदगीरहून दीड-पावणेदोन तासांचा प्रवास करून आम्ही तेथे पोचलो होतो. तेथील मानसशास्त्रज्ञ मॅडमनी आधी डोळे आणि कान तपासून आणायला सांगितले आणि मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या वह्या मागितल्या. आता मागे वळून पाहता ही या केंद्राची पहिली जमेची बाजू वाटते. कमी दिसणारे किंवा एका कानाने कमी ऐकू येणारे मूलही वाचनात मागे पडते, आणि ती शक्यता दूर केल्याशिवाय पुढचे सगळे निष्कर्ष कच्चे राहतात. दुसऱ्या भेटीत जवळजवळ तासभर त्या फक्त आमच्याशी बोलल्या. जन्माच्या वेळची हकिगत, बोलायला कधी लागला, घरात आणखी कोणाला वाचनाचा त्रास होता का, हे सगळे त्यांनी विचारले. (माझे दीर सातवीनंतर शाळेत गेले नाहीत, ते ‘अक्षर जमत नाही’ म्हणून, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले.) त्यांचा सर्वात पहिला प्रश्न होता : घरात कोणती भाषा बोलता, आणि ती कशी बोलता? मुलाने चित्रातल्या टोपलीला ‘दुरडी’ म्हटले, तेव्हा त्यांनी ते उत्तर बरोबर धरले आणि कागदावर तसे नोंदवले. अशा नोंदीवरूनच बोलीतला फरक आणि भाषेतली अडचण वेगळी काढता येते.

चाचणीच्या वेळी मला काचेपलीकडे बसू दिले होते. त्यांनी मुलाला विचारले, “साखर या शब्दातला ‘सा’ काढून टाकला तर काय राहील?” तो लगेच म्हणाला, “खर.” मग त्या म्हणाल्या, “आता ‘सा’ पूर्ण काढायचा नाही बाळा, त्यातला फक्त ‘स्’ एवढाच आवाज काढायचा, ‘आ’ तसाच ठेवायचा.” उत्तर ‘आखर’ असे यायला हवे होते. तो पुन्हा ‘खर’ म्हणाला, मग थांबला, त्यांच्या ओठांकडे पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, “सखर?” असे दहा शब्द झाले. अक्षर काढायचे असेल तेथे तो चटकन उत्तर देत होता. अक्षराच्या आतला आवाज सुटा करायचा आला की अडत होता. वीस वर्षे मुळाक्षरे शिकवणाऱ्या मला त्या दहा मिनिटांत जे दिसले, ते वर्गात कधी दिसले नव्हते.

मराठीसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. इंग्रजीवर झालेल्या संशोधनाने वाचनदोषाचे (डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातील अध्ययन अक्षमता) मूळ प्रामुख्याने ध्वनींची जाण कमी असण्यात दाखवले आहे, परंतु आपली लिपी अक्षरांची आहे. ‘सा’ हे एक अक्षर आणि त्यात दोन ध्वनी. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा लिपीत अक्षरांचा संच मोठा असल्यामुळे तो शिकणे पहिल्या एक-दोन वर्षांत संपत नाही, चौथीपर्यंतही चालू राहते, आणि सुट्या ध्वनींची जाण उशिरा व हळूहळू येते, असे त्यात दिसले. याचे दोन अर्थ निघतात. दुसरीतल्या मुलाला जोडाक्षरे येत नाहीत म्हणून त्याच्यावर घाईने शिक्का मारू नये, हा एक. आणि इंग्रजी मुलांच्या वेळापत्रकावर बेतलेली चाचणी नुसती भाषांतर करून वापरू नये, हा दुसरा. या केंद्रात ‘डाली’ नावाचा चाचणीसंच वापरला गेला. हरियाणात मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तो भारतीय भाषांतील मुलांसाठी तयार केला असून त्यात हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषा आहेत. त्यातील प्राथमिक चाळणीचा भाग शिक्षकांनी वापरण्यासाठी आहे, एक पहिली-दुसरीसाठी आणि दुसरा तिसरी ते पाचवीसाठी. एवढी वर्षे शाळेत काढूनही हे मला या केंद्रातच कळले, याची खंत वाटते.

त्यानंतर मॅडमनी वह्या पुढे ओढल्या. मुलाने ‘गणित’ हा शब्द ‘गिणत’ असा, ‘चिमणी’ हा ‘चमिणी’ असा आणि ‘पर्वत’ हा ‘परवत’ असा लिहिलेला होता. त्या शब्दांभोवती मी स्वतःच लाल शाईने गोल केले होते आणि समोर ‘दहा वेळा लिही’ असा शेरा मारला होता. मॅडमनी सांगितले की पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी काढावी लागते, तोंडात मात्र तिचा उच्चार व्यंजनानंतर येतो. रफाराचे याच्या उलट, उच्चार आधी आणि खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी देवनागरीतून हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या 2002 च्या अभ्यासातही हीच जागा अडचणीची ठरली होती : जेथे स्वरचिन्हाची जागा आणि उच्चाराचा क्रम जुळत नाही, अशा शब्दांना वेळ अधिक लागतो आणि चुकाही अधिक होतात. सर्वसाधारण मूल काही काळ अडखळते आणि पुढे जाते, पण ज्याची ध्वनींची पकड मुळातच सैल आहे ते तेथेच अडकून पडते. त्या दिवसापासून मी माझ्या वर्गातील कोणत्याही मुलाच्या वहीवर ‘दहा वेळा लिही’ असे लिहिलेले नाही.

बुद्धिमत्तेसाठी मलिन यांची भारतीय मुलांसाठीची मापनश्रेणी मराठीतून वापरली. शाब्दिक भागात 92 आणि कृतिभागात 104 आले. आकडा वाढला म्हणून आनंद झाला हे मी लपवणार नाही, पण एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. ही श्रेणी नागपुरात तयार झाली आणि 1969 ची आहे. आपल्याकडे वापरात असलेली दुसरी, बिने-कामत चाचणी, वि. वि. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी 1930 च्या दशकात बेतलेली. आपल्या भाषेसाठी इतक्या लवकर असे काम झाले याचा अभिमान वाटतो. मात्र चाचणीचे मापदंड जुने होत जातात तसा नव्या पिढीचा बुद्ध्यांक फुगून येतो, हे जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखवले आहे. मी मॅडमना याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी प्रश्न टाळला नाही. एकट्या आकड्यावर आपण निदान करत नाही, दोन भागांतील फरक, वाचनाच्या चाचण्या आणि वह्यांतील चुका हे सगळे एकत्र पाहतो, असे त्यांनी सांगितले आणि अहवालातही तसे लिहिले. ज्या तज्ज्ञाला प्रश्न विचारता येतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. त्यांची आणि विशेष शिक्षिकेची, दोघींचीही भारतीय पुनर्वसन परिषदेकडील (दिव्यांगांसोबत काम करणाऱ्या तज्ज्ञांची नोंद ठेवणारी वैधानिक संस्था) नोंदणी दर्शनी भिंतीवर लावलेली आहे आणि नोंदणी क्रमांक अहवालावरही छापलेला आहे. परिषदेचा कायदा 1992 चा आहे आणि हा क्रमांक पाहण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. तो विचारल्यावर कोणी नाराज होत असेल, तर तेथून उठून यावे.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. चाचणी मराठीत, वाचनदोषाचे निदान मराठीतील चुकांवर आधारलेले, मूल मराठी शाळेत, आई-वडील मराठी, आणि हाती आलेला अकरा पानांचा अहवाल मात्र संपूर्ण इंग्रजीत. त्यात मुलाच्या चुका रोमन अक्षरांत लिहिलेल्या होत्या! ‘गणित’चे ‘गिणत’ झाले म्हणजे वेलांटी कोठे सरकली, हे रोमन अक्षरांतून कोणालाही कळणार नाही. शिफारशींच्या पानावर वर्गात पुढे बसवावे, जादा वेळ द्यावा, फळ्यावरून उतरवून घेण्याची सक्ती करू नये, असे बारा मुद्दे होते. ते सगळे योग्य होते आणि सगळे कोणत्याही मुलाच्या अहवालात जसेच्या तसे चिकटवता येतील असे होते. मी तो अहवाल मुलाच्या वर्गशिक्षकांना नेऊन दिला. ते माझे सहकारी, मनापासून शिकवणारे गृहस्थ. त्यांनी तो आदराने कपाटात ठेवला. पंधरा दिवसांनी विचारले तेव्हा म्हणाले, “बाई, यातलं मला नेमकं उद्या काय करायचं, ते सांगा.” त्यांचे म्हणणे रास्त होते. मूल केंद्रात आठवड्यातून एक तास असते आणि शाळेत रोज पाच-सहा तास असते. चाचणीने जे शोधले ते शिक्षकाच्या हातापर्यंत त्याच्या भाषेत पोचले नाही, तर शोधणाऱ्यांचे कष्ट कपाटातच राहतात.

मी केंद्राकडे लेखी विनंती केली. पाच आठवडे गेले, तीन वेळा फोन करावा लागला, आणि शेवटी दीड पानाचे मराठी टिपण मिळाले. ते टिपण मात्र अहवालापेक्षा कितीतरी पटींनी उपयोगी आहे. त्यात मुलाच्या चुका देवनागरीत आहेत, आधी कोणत्या स्वरचिन्हावर आणि मग कोणत्या जोडाक्षरांवर काम करायचे याचा क्रम आहे, श्रुतलेखनाऐवजी काय घ्यावे ते आहे, आणि ‘परिसर अभ्यास’च्या तोंडी परीक्षेत त्याला किती समजते ते तपासा, अशी स्पष्ट सूचना आहे. वर्गशिक्षकांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. असे टिपण प्रत्येक मुलाला, न मागता, अहवालाबरोबरच दिले गेले पाहिजे. त्यासाठी वेगळे शुल्क लावले तरी मी देईन, पण ते मागावे लागू नये. मी शिक्षिका होते म्हणून काय मागायचे ते मला कळले. चाकूरहून किंवा देवणीहून आलेल्या शेतकरी आई-वडिलांना ते कसे कळणार?

दुसरी तक्रार प्रमाणपत्राबद्दल आहे. पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात सांगितले गेले की ‘सर्टिफिकेटचं पण होऊन जाईल’. तसे होत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शासनाने अधिकृत केलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडूनच मिळते, त्यासाठी शासनाच्या ‘स्वावलंबन’ या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करावा लागतो, आणि खासगी केंद्राचा अहवाल हा फार तर त्या तपासणीच्या वेळी दाखवण्याचा एक कागद ठरतो. आम्हाला हे दोन महिन्यांनी मॅडमनीच सांगितले. त्यांनी स्वागतकक्षातील बोलण्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. तरीही अनेक पालक केवळ त्या एका वाक्यावर पैसे भरत असतील, हे केंद्रचालकांनी गांभीर्याने घ्यावे. पालकांनीही ध्यानात ठेवावे की मदत सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. अधिनियमाच्या कलम 16 मध्ये शाळांची कर्तव्ये सांगताना, मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि त्यावर मात करण्यासाठी योग्य अध्यापन-उपाय करणे, हे स्वतंत्रपणे नोंदवलेले आहे. परीक्षेतील सवलतींसाठी कागद लागतो, शिकवण्याची पद्धत बदलायला कोणताही कागद लागत नाही.

तिसरी गोष्ट रंगीत फिल्मची. चौथ्या सत्रानंतर तेथील एका साहाय्यकाने पुस्तकाच्या पानावर ठेवून वाचायच्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांचा संच सुचवला, किंमत 1,200 रुपये. मी घेतला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी 2009 मध्ये संयुक्त निवेदन काढून रंगीत भिंगे, रंगीत पट्ट्या आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी वाचनदोष सुधारतो याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे सांगितले आहे. अडचण भाषेच्या ध्वनींची असताना पानाचा रंग बदलून काय साधणार? नकार दिल्यावर पुन्हा कोणी आग्रह केला नाही, हे खरे. पण एवढ्या काळजीपूर्वक निदान करणाऱ्या जागेत ती वस्तू विक्रीला असावी, याचे मला वाईट वाटले.

प्रत्यक्ष शिकवण्याचे काम विशेष शिक्षिका करतात आणि ते उत्तम आहे, यात मला शंका नाही. पंचेचाळीस मिनिटांचे सत्र असते. पितळी परातीत रवा पसरलेला असतो. मुलगा तोंडाने आवाज उच्चारत बोटाने अक्षर गिरवतो, मग तेच अक्षर डोळे मिटून, मग फळ्यावर, मग शब्दात. डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लावण्याची ही रीत 1930 च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून पुढे आली. या केंद्राचे वैशिष्ट्य असे की तिचा क्रम त्यांनी मराठीच्या अंगाने लावला आहे. आधी काना, मग दुसरी वेलांटी, कारण ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतरच येते. पहिली वेलांटी त्यानंतर, आणि रफार अगदी शेवटी. पहिल्या वेलांटीसाठी बाईंनी त्याला पुठ्ठ्याचे सुटे तुकडे दिले, व्यंजनाचे वेगळे आणि वेलांटीचे वेगळे. तो आधी ‘क’ उचलतो, मग वेलांटी उचलून त्याच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवतो आणि ‘कि’ म्हणतो. उच्चाराचा क्रम हाताने सांभाळला जातो आणि जागेचा क्रम डोळ्याने. दोन पानांच्या धड्याकडे पाहूनच पोट दुखते म्हणणारा मुलगा तो खेळ घरी आणून आपल्या आजीलाही शिकवू लागला.

प्रगती किती झाली, हे प्रत्येक पालक विचारेल. न पाहिलेल्या दुसरीच्या पातळीच्या उताऱ्यात तो सुरुवातीला मिनिटाला 16 शब्द बरोबर वाचत होता, आठव्या महिन्यात 34 वाचतो. चौथीच्या पुस्तकासाठी हे अजूनही अपुरे आहे. रफारात आजही चुकतो. शब्द मनात ठरवून मग लिहायला लागल्यामुळे त्याचे लेखन आधीपेक्षा संथ झाले आहे, आणि हे पुढे सुधारेल असे बाई सांगतात. केंद्राने ‘तीन महिन्यांत अस्खलित वाचन’ असे कोणतेही आश्वासन दिले नव्हते, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. वाचनदोष नाहीसा होत नाही, त्याच्याबरोबर शिकण्याची रीत घडवावी लागते. मुलाला स्वतःला हे त्यांनी त्याच्या वयाला कळेल असे सांगितले. 1896 मध्ये इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका 14 वर्षांच्या, गणितात हुशार पण वाचता न येणाऱ्या मुलाची हकिगत लिहिली होती. ती त्यांनी त्याला गोष्टीसारखी सांगितली. घरी येताना बसमध्ये त्याने मला विचारले, “म्हणजे माझ्यासारखी पोरं पहिल्यापासूनच होती?” त्यानंतर त्याने त्या मुलाबद्दल आणखी बरेच प्रश्न विचारले, आणि चुलत्यांबद्दलही.

जागेबद्दल मात्र कठोरपणे लिहावे लागते. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. याच केंद्रात मेंदूच्या पक्षाघाताच्या (सेरेब्रल पाल्सी) मुलांनाही व्यायामासाठी आणतात. एका शनिवारी आमच्या पुढे एक वडील आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन जिना चढत होते. मधल्या वळणावर ते भिंतीला टेकून थांबले आणि मुलीने आपल्या ओढणीने त्यांचा घाम पुसला. वर पोचल्यावर ते आधी पाणी प्यायले, मग नाव नोंदवले. दिव्यांग मुलांसाठी चालवलेल्या जागेत दिव्यांग मुलाला स्वतःहून येता येऊ नये, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. स्वच्छतागृहातही आधाराची दांडी नाही.

खर्चाचे सांगायचे तर संपूर्ण मूल्यमापनाचे 4,500 रुपये झाले आणि प्रत्येक सत्राचे 400 रुपये होतात. शनिवारी माझी आणि मुलाची, दोघांचीही सकाळची शाळा असते, म्हणून आम्ही दुपारच्या बसने निघतो. महिलांना 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट आहे आणि मुलाचेही अर्धेच, एवढा दिलासा. नोकरी असलेल्या आमच्या घराला हे पेलते. ज्यांना पेलत नाही त्यांनी आधी आपल्या शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठावे. 2013 पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. गटसाधन केंद्रातील (शिक्षण विभागाचे तालुक्याचे केंद्र) समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनाही भेटावे. ती माणसे कष्ट करतात हे मी जवळून पाहिले आहे. मात्र एकेकाकडे इतक्या शाळा असतात की एका मुलाच्या वाट्याला महिन्यातून एखादी भेट येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले होते. ते प्रमाण आमच्या तालुक्यात येईल तेव्हा पालकांना दर शनिवारी लातूर गाठण्याची गरज उरणार नाही.

एकूण पाहता निदान आणि अध्यापन यांसाठी मी या केंद्राची शिफारस माझ्या शाळेतील तीन पालकांना केली आहे. जाताना जुन्या वह्या न्याव्यात, लाल शेऱ्यांसकट. चाचणी घरच्या भाषेत घेणार का ते आधी विचारावे. मराठी टिपणाची मागणी शुल्क भरण्यापूर्वीच लेखी करावी. आणि प्रमाणपत्राबद्दल स्वागतकक्षातील बोलण्यावर विसंबू नये, असेही मी त्यांना सांगितले. जिना आणि मराठी अहवाल या दोन गोष्टींबद्दल मी गेल्या महिन्यात केंद्रप्रमुखांना सविस्तर पत्र दिले. त्यांनी बोलावून घेतले, शांतपणे ऐकले आणि दिवाळीपर्यंत तळमजल्यावरील जागा पाहत असल्याचे सांगितले. मराठी टिपणाचा नमुना तयार करण्यासाठी त्यांनी माझ्याकडे आमच्या शाळेतील दोन शिक्षकांचा वेळ मागितला आहे आणि पहिली बैठक येत्या शनिवारी, मुलाच्या सत्रानंतर ठरली आहे. या दोन्ही गोष्टी झाल्या, तर हे परीक्षण मी त्याप्रमाणे दुरुस्त करीन.